साखरबावीचे पाणी

त्या काळी आमच्या घरात नवरा-बायकोने बरोबर कुठे जायचे तर त्याला कारण लागे. कुणाचे लग्न, कुणाचे दिवसकार्य, देवाचा फेडायचा राहिलेला नवस. यांपैकी काही हाताशी नसले तर दोघांनी एका गाडीत बसण्याची सोय नव्हती. मन झाले म्हणून कुणी कुठे जात नसे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. घरातल्या रीतीने जेवढे मागितले होते, त्याहून अधिक मी माझ्या बायकोकडून एका दिवसात कसे वसूल केले, ते मला सांगायचे आहे.

आमचे घर फोंड्याला, घाटाच्या पायथ्याशी. वडिलांचे बाजारपेठेत दुकान होते. घाटावरून गूळ, मिरची, कांदा उतरत असे आणि खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर जात असत. त्या देवघेवीवर आमचे पोट होते. मी दुकानातच बसत असे. पंचविशी नुकतीच उलटली होती आणि लग्नाला दोन वर्षे झाली होती. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचे होते.

माझी बायको मालवणची, दर्यावर्दी घरातली. तिचे वडील तांडेल होते. मालाच्या गलबताचे सुकाणू आणि खलाशी त्यांच्या हाती असत. पावसाळा सोडला तर ते घरी क्वचितच सापडत. आमच्या पहिल्या दिवाळसणाला ते मलबाराच्या बाजूला वाऱ्यापायी अडकून पडले. घरात दुसरा पुरुष नव्हता, म्हणून सासूने जावयाचे आमंत्रण शेजाऱ्याच्या हाती पाठवले. माझ्या वडिलांनी त्या शेजाऱ्याला ओटीवरूनच परत पाठवले. घरचे माणूस आले नाही, म्हणजे आमंत्रण आलेच नाही, असा त्यांचा हिशेब. पावसाळ्यात तांडेल घरी परतले, त्यांना हे कळले आणि तेही रुसून बसले. आधी त्यांनी यावे, असे आम्ही म्हणत होतो. आधी यांनी बोलवावे, असे ते म्हणत होते. दोन पुरुषांच्या या मानापानात एक आई आणि तिची लेक दोन वर्षे एकमेकींना दिसल्या नव्हत्या.

सासूने स्वतः उठून यावे, तर तेही सोपे नव्हते. तिथे आणखी एक रीत आडवी येत होती. लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या सासरचे पाणी पीत नसे; जुन्या बायका तर लेकीच्या हातचेही घेत नसत. माझी आई कणकवलीला माझ्या बहिणीकडे जाई, तेव्हा भर उन्हातून चालत आलेली असली तरी तिथले घोटभर पाणी घेत नसे. शेजारच्या घरी जाऊन पिऊन येई आणि मग लेकीच्या ओटीवर येऊन बसे. हे मी कितीदा तरी पाहिले होते. पाहिले होते, एवढेच.

मिठाच्या व्यवहारासाठी मला मालवणला जायचे होते. आदल्या संध्याकाळी जेवताना आईने विषय काढला.

“तू जातंस तर तिकाय घेवन जा. दोन वर्सां झाली, पोर हय डोंगराच्या मुळात कोंडान पडलां. दर्यो तरी दाखव तिका.”

“दर्यो तिना बघलो नाय काय?” वडील म्हणाले. “दर्यातच वाढला ता.”

“म्हणानच सांगतंय.”

वडील बराच वेळ भात कालवत राहिले. शेवटी म्हणाले, “जाऊ दी. पण त्या दारात पाय घालूचो नाय. तेंनी आधी हय येवक होया.”

त्यांची अट एवढीच होती. दाराची. पुढचे सगळे मी घातले. रात्री खोलीत मी तिला म्हणालो की घरी जायचे नाही, ते तर झालेच. पण वाटेत आपले कुणी भेटले तरी ओळख द्यायची नाही, आई समोर आली तरी बोलायचे नाही. बोललीस आणि ते इथे कळले, तर वडिलांसमोर मला मान वर करता येणार नाही. हे बोलताना मला आपण फार समंजस आहोत असे वाटत होते. मी तिला समुद्र दाखवायला नेत होतो. एवढे मिळत असताना तिने एवढे सोडायला काय हरकत होती?

ती उशीवर अभ्रा चढवत होती. म्हणाली, “वळख नाय दिली म्हणजे झाला ना?”

“होय.”

“बरां. नाय देवची.”

तिने शब्द दिला आणि मी सुखाने झोपलो.

सकाळच्या एस्टीत ती पुढे बायकांच्या बाकावर बसली आणि मी मागे. तसेच बसायचे असते. तिने लग्नातले जांभळे लुगडे नेसले होते आणि मांडीवर एक पितळी तांब्या धरला होता, फिरकीच्या झाकणाचा, प्रवासाचा. तो रिकामा होता. रिकामा तांब्या कशाला घेतलास, असे मी निघताना विचारले तेव्हा ती म्हणाली होती, “येताना भरान हाडूया.” कणकवली गेली, कसाल गेले आणि कुंभारमाठाच्या उतारावर खारा वारा गाडीत शिरला. मागून मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पदर मात्र दिसत होता. तो तिने तिथूनच पुढे ओढून घेतला, कपाळाच्याही खाली.

मिठाचे काम लवकर उरकले. मग मी तिला गाव दाखवू लागलो. हे वाक्य लिहिताना आज हात अडखळतो. जिच्या पायांना त्या गावातली प्रत्येक पाणंद पाठ होती, तिला मी बंदर दाखवले, धक्का दाखवला, धक्क्यावर ओतलेल्या मासळीतले मासे ओळखून दाखवले. एका टोपलीकडे बोट करून मी सरंगा म्हणालो. टोपलीवाली तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघू लागली. बायको म्हणाली, “होय, मोठे आसत.” तो सरंगा नव्हता, हे मला फार पुढे कळले. माझी चूक तिने त्या दिवशी दुरुस्त केली नाही, आणि नंतरही नाही.

किल्ल्यावर जायला होडी लागते. धक्क्यापासून अंतर फारसे नाही, पण मी घाटाच्या पायथ्याचा माणूस. पाय जमिनीवरून उचलले गेले की माझा धीर सुटतो. होडी हलू लागताच मी दोन्ही हातांनी काठ धरला. होडीवाला तरणा, काळासावळा, दात दाखवणारा होता.

“दाजी, होडयेक एवढी घट धरू नकात. ती खंय पळान जाणा नाय.”

“मी धरूक नाय. बसलंय फक्त.”

“तसां बसल्यार होडी घाबारता.” मग तो माझ्या बायकोकडे न बघता म्हणाला, “तुमी मात्र बरोबर बसलास हां. सवय दिसता.”

ती होडीच्या मधोमध, पाय दुमडून, हात मांडीवर ठेवून बसली होती. लाट येई तशी अंगाने तिच्याबरोबर हलत होती. तिने पदर आणखी पुढे ओढला. होडीवाला मला सबंध वाटभर दाजी म्हणत होता. हाक मारण्याची त्यांची रीत असेल, असे मला वाटले. बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, हे मला काय माहीत नव्हते? पण ज्या अर्थाचा आपल्याला उपयोग नसतो तो आपण ऐकत नाही.

किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत हे पाणी. त्यांना दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशी नावे आहेत. तिथे मी तिला ही नवलाई समजावून सांगत असतानाच ती साखरबावीच्या काठाशी गेली आणि तिथल्या एका बाईच्या दोरीने पाणी शेंदून तिने तांब्या भरला. त्या बाईने दोरी तिच्या हाती देताना क्षणभर तिचे मनगट धरून ठेवले होते, तेही मी पाहिले. पाणी तोंडापर्यंत आल्यावर तिने फिरकी बसवली, पदराने तांब्या पुसला आणि तो असा छातीशी धरला की मला हसू आले.

“घराकडे न्यायचा इतक्या लांब? आमच्या विहिरीक पाणी नाय?”

“आसा ना,” ती म्हणाली. “हां थोडां न्हेतंय.”

दुपारी एका खानावळीत जेवलो. बायकोला घेऊन खानावळीत जेवण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. आम्हाला आतल्या बाजूला, पडद्यामागे बसवले. मालकीण स्वतः वाढायला आली. माझ्या ताटात जे होते ते बायकोच्या ताटात होते, पण शेवटी मालकिणीने तव्यावरून काढलेली माशाची एक तुकडी आणून फक्त तिच्या भातावर ठेवली आणि गेली. बायकोने मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी ताटात पडले.

“तिखट लागला काय?” मी विचारले.

“होय. तिखट आसा.”

“मग पाणी पी. तांब्यातला पी.”

“ता नको. हयला पितंय.” आणि तिने खानावळीतले फुलपात्र उचलले.

जेवून निघालो तेव्हा स्टँडकडे जायचा सरळ रस्ता तिच्या माहेरच्या पाणंदीवरून जात होता. दोन्ही बाजूंना माडांची कुंपणे आणि शेवटी एका घराचे कौलारू टोक दिसत होते. लग्नानंतरच्या मांडवपरतणीला मी त्या घरी एकदाच गेलो होतो, एका रात्रीपुरता. आमचे लग्न आमच्या दारात लागले होते आणि त्यांच्याकडची आई अशा वेळी मागे घरीच राहते. त्यामुळे सासूला मी लग्नात पाहिले नव्हते. मांडवपरतणीलाही ती माजघराच्या दाराआड होती. दाराच्या कडेने दोन हात बाहेर येत, ताट ठेवत आणि मागे जात. मला माझी सासू म्हणजे हिरव्या बांगड्यांचे दोन हात, एवढीच ठाऊक होती.

पाणंदीच्या तोंडाशी बायकोचा पाय क्षणभर थांबला. मी पुढे होतो. मागे वळून मी म्हणालो, “चल गो, गाडी चुकात.” गाडीला अवकाश होता.

स्टँड म्हणजे एक पत्र्याची शेड होती आणि तिच्यात एक लांब बाक. बाकावर माणसे बसली होती, आणि कडेला एक बाई. चाळिशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, अंगावर धुतलेले पण विरलेले लुगडे, हातात काही नाही. एस्टीला जायचे असून हातात साधी पिशवीही नाही, हे माझ्या लक्षात आले होते. तिच्याशेजारी एकाच माणसापुरती जागा होती.

ती माझी सासू होती. होडीवाल्याने धक्क्यावरून निरोप दिला होता आणि ती आमच्या आधी येऊन स्टँडवर बसली होती. तिची लेक गावात आली आहे आणि घरी येणार नाही, हे साऱ्या बंदराला कळले होते. एक मला सोडून.

बायको शेडच्या तोंडाशीच थबकली. मला वाटले, दमली. मी बाकाकडे गेलो आणि त्या बाईला म्हणालो, “गे बाये, जरा तिकडे सरक बघया. घरातला माणूस बसतला हयसर.”

तिने माझ्याकडे पाहिले. एवढे सरळ कुणी परकी बाई बघत नाही, म्हणून मी जरा चिडलो. मग ती लगबगीने उठली. सरकली नाही, उठलीच.

“बसा हां, बसा. दोघांय बसा. माका उभ्यानच बरां.”

“तुका नाय गाडी धरूची?”

“माझी गाडी मागसून आसा.”

मी बसलो. मी माझ्या सासूला उठवून तिच्या जागेवर बसलो आणि रुमालाने मान पुसली. बायको बसली नाही. बाकाच्या कडेला, त्या बाईच्या समोर उभी राहिली. दोघींमध्ये हातभर अंतर होते. मी तिला दोनदा बस म्हणालो. ती म्हणाली, गाडीत बसायचेच आहे.

“खंयच्या गो तुमी?” त्या बाईने तिला विचारले.

“फोंड्याच्या.”

“लांब.” ती तिला खालीवर न्याहाळत होती. “थंय थंडी पडता म्हणतत. लागता तुका थंडी?”

“नाय. आमच्या मामींनी गोधडी शिवली हा. जाड आसा.” मामी म्हणजे माझी आई; आमच्याकडे सुना सासूला मामी म्हणत.

“बऱ्या आसत ना मामी?”

“बऱ्या आसत. माका बऱ्यो वागयतत.”

“आणि जेवकखावक?”

“बायकांच्या कसल्यो गजाली,” मी शेजारच्या माणसाला म्हणालो. तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने तोंड फिरवले.

तेवढ्यात बायकोच्या पदराच्या टोकाची गाठ सुटली आणि तिच्यातली सुपारी का वेलदोडा, काहीतरी खाली पडले. ती वाकली. त्या बाईच्या पायांपाशी ती बराच वेळ शोधत राहिली. दोन्ही तळहात जमिनीवर होते आणि त्या बाईने पाय मागे घेतले नाहीत.

“सोड गो ता,” मी म्हणालो. “काय सोन्याचा हा?”

ती उठली. तिने तांब्याची फिरकी काढली, झाकणात पाणी ओतले आणि ते त्या बाईपुढे धरले.

“मावशे, पाणी घे. साखरबावीचा हा.”

त्या बाईचे ओठ सुकलेले होते, ते मलाही दिसत होते. तिने त्या पाण्याकडे पाहिले आणि हात पुढे करता करता मागे घेतला.

“नको गो चेडवा. तुझ्या हातचा पाणी माका अजून चलाचा नाय.”

याचा मी काय अर्थ घेतला, ते लिहिणे भाग आहे. मला वाटले, ही बाई आमचा बाट धरते, आम्हाला हलक्या जातीचे समजते. आम्ही बाजारपेठेतले, दुकानदार. आणि ही विटक्या लुगड्यातली बाई आमच्या घरच्या सुनेच्या हातचे पाणी नाकारते. मी बाकावरून उठलो.

“चलाचा नाय म्हणजे काय? आमी कोण म्हणान वाटलो तुका? तहानेन मरशीत, पण आमच्या हातचा पिवची नाय? एवढी मोठी तू खंयची?”

शेडमधली सगळी बोलणी थांबली. शेजारचा माणूस अर्धवट उठला होता. त्या बाईने नुसता हात हलवून त्याला खाली बसवले. माझ्यावर ती रागावली नाही. पदर नीट करून, खाली बघत म्हणाली, “चुकला माझा. रागवा नकात. चेडू चांगला आसा तुमचा.” आणि मग तिच्याकडे न बघता, अगदी हळू, “तेका संबाळा.”

बायकोने झाकणातले पाणी पुन्हा तांब्यात ओतले. एक थेंबही खाली सांडू दिला नाही. तिने फिरकी आवळली. तिचा चेहरा पदरात होता आणि मला वाटले, माझ्या बाणेदारपणाचे तिला कौतुक वाटत असेल.

गाडी आली. ती पुढे बसली, मी मागे. गाडी वळली तेव्हा ती बाई शेडच्या बाहेर येऊन उन्हात उभी होती. तिने दोन्ही हात हवेतून कुणाच्या तरी चेहऱ्यावरून फिरवल्यासारखे केले आणि आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. मी मनाशी म्हणालो, वेडी दिसते.

कट्ट्याला गाडी थांबली. लोक चहाला उतरले. मला तहान लागली होती. मी पुढे जाऊन तांब्या मागितला. तिने झाकण भरून दिले. पाणी गोड होते, खरोखरच गोड. दुसऱ्यांदा झाकण पुढे करताना मला, का कोण जाणे, माझी आई आठवली. कणकवलीला बहिणीच्या ओटीवर बसलेली, घामाने ओली. बहीण पाण्याचा तांब्या धरून उभी, आणि आई हसत म्हणते आहे, तुझ्या हातचा पाणी माका अजून चलना नाय गो.

अजून.

आमचा बाट धरणारी बाई अजून म्हणाली नसती. ज्याला आज चालत नाही आणि उद्याही चालणार नाही, तो अजून म्हणत नाही. ते आईचे बोलणे होते. झाकण माझ्या हातात तसेच राहिले. सुटलेली गाठ, जमिनीवरचे दोन तळहात, गोधडीची चौकशी, हातात पिशवी नसणे, कानशिलावरची बोटे. सगळे एकापाठोपाठ माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघत होता. मला गाडीतल्या इतर माणसांकडे बघवेना.

“ती कोण होती?” मी विचारले.

“कोण?”

“पाणी नको म्हणाली ती.”

तिने पहिल्यांदाच पदर मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिले. “मी कोणाक वळख देवक नाय,” ती म्हणाली. “तुमी सांगितलास तसाच केलंय. मी तिका मावशी म्हटलंय.”

मी तिच्या शेजारी, बायकांच्या बाकावर बसलो. कुणी काही म्हणाले नाही. थोड्या वेळाने मी म्हटले, “उतरूया. चलत मागे जावया.”

“आता नको.”

“मी काय काय बोललंय तिका.”

“तिना तुमका बसाक जागा दिली,” ती म्हणाली. “जावयाक बसाक दिलंय म्हणान ती आज बऱ्यान निजतली. तुमी तेचा वायट वाटून घेव नकात.”

मला ती रागावली असती तर हवे होते. तिने उरलेल्या पाण्याचा तांब्या पुन्हा मांडीवर घेतला. घरी पोचल्यावर तिने तो देवापाशी ठेवला आणि माझ्या आईने विचारले, काय गो, बघलंस दर्यो? ती म्हणाली, बघलंय. पोटभर बघलंय.

आपण क्षमा मागायला जाऊ, असे मी त्याच रात्री ठरवले आणि जायला पुढचा शिमगा उजाडला. या दिरंगाईला माझ्याकडे कारणे होती, आणि त्यांतले एकही इथे सांगण्यासारखे नाही. मी वडिलांना भीत होतो आणि त्या बाईच्या डोळ्यांना त्याहून अधिक. शेवटी एकदा कणकवलीच्या कामाचे निमित्त सांगून मी पुढे मालवणला गेलो. बोलावणे नसताना, एकटा, भर दुपारी त्या पाणंदीत शिरलो.

ती अंगणात सुकवण राखत बसली होती. मला पाहताच उठली, पदर ओढला आणि आत गेली. मी ओटीवर बसलो. जरा वेळाने दाराच्या कडेने तेच दोन हात बाहेर आले. त्यांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मी पाणी प्यालो. सबंध तांब्या प्यालो. मग दाराकडे न बघता म्हणालो, “त्या दिवशी स्टँडार माझ्याकडून...”

“कसलो स्टँड?” दारामागून आवाज आला. अगदी शांत.

“त्या दिवशी. मी तुमका वळखलंय नाय. मी तुमका...”

“जावयबापू, तुमचा कायतरी चुकता हा. मांडवपरतणीनंतर मी तुमका आजच बघतंय. बसा. घरातली माणसां येतली आता. जेवन जावा.”

मी पुन्हा बोलू लागलो. आत भांडी वाजवण्याचा आवाज आला, मुद्दाम मोठा. माझी क्षमा तिने दारातच अडवली होती. ती तिने घेतली असती, तर तो प्रसंग घडला होता असे तिला मान्य करावे लागले असते. जावयाने स्टँडवर सगळ्यांसमोर तिला उठवले, हे तिच्या घरात बोलले गेले असते. तिने ते घडूच दिले नव्हते. माझी अब्रू तिने स्वतःजवळ ठेवून घेतली आणि मला मोकळ्या हातांनी परत पाठवले.

घरी येऊन मी वडिलांना सांगितले की मी त्या घरी जाऊन पाणी पिऊन आलो. ते बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण दोन घरांमधली गाठ तिथून सैल झाली. पुढच्या वर्षी बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली, आणि बारसे होऊन काही दिवस गेल्यावर सासू-सासरे तिला आणि आमच्या मुलीला पोचवायला फोंड्याला आले.

सासू प्रथमच आमच्या ओटीवर चढली. माझी आई पुढे झाली. आत या, चहा घ्या, असे म्हणत होती. सासूने मूल माझ्या आईच्या हाती दिले, खांबाला टेकली आणि आपल्या लेकीला म्हणाली, “आदी पाणी दी गो चेडवा. आता चलता माका.”

बायको वळण्याआधी मी उठलो. मागच्या विहिरीवर जाऊन मी स्वतः पाणी शेंदले, तोच फिरकीचा तांब्या घासला, भरला आणि आणून सासूच्या हातात दिला. सुनेने द्यायचे पाणी मुलाने दिले म्हणून वडिलांनी भुवया वर केल्या. तिने तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवलाच नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मी समोर उभा होतो. आता तरी क्षमा मागावी, म्हणून शब्द तोंडात आले होते.

तिने रिकामा तांब्या माझ्या हातात दिला, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “गोड आसा तुमचा पाणी.” आणि लगेच माझ्या आईकडे वळून तिने विचारले, पोरीचे नाक कुणावर गेले आहे म्हणता?